नल्लकुंट्याचं निळं मीठ

मुकुंदरावांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण खरं सांगायचं तर त्यांनी एकच वाक्य शिकवलं : "आधी प्रश्न शेवटपर्यंत वाचा, मग पेन उचला!" हैदराबादच्या नल्लकुंट्यातली निम्मी पोरं या वाक्यावर वाढली. त्यांतले जे पुढे डॉक्टर झाले, ते आजही औषध लिहून देण्याआधी दचकून मागे बघतात, म्हणे.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण मास्तरांचे पाय काही घरात ठरेनात. सकाळी दूधवाल्याला टक्केवारी, दुपारी इस्त्रीवाल्याला त्रैराशिक, संध्याकाळी गच्चीवर येरझारा. पद्मावतीबाई म्हणायच्या, "तव्यावरची पोळीसुद्धा एका कुशीवर क्षणभर थांबते. तुम्ही तेवढंही नाही!"

अशात एके दिवशी सूनबाई कामावरून आल्या, बॅग खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बाबा, मला एक गल्ली हवी आहे."

"मी कोथिंबीर सांगितली होती," पद्मावतीबाई म्हणाल्या.

सूनबाई म्हणजे गौरी. माहेर पुण्याचं, नोकरी तारनाक्याला, विद्यापीठाच्या साथरोग आणि जैवसांख्यिकी संशोधन केंद्रात. तिथं नक्की काय चालतं हे मुकुंदराव सगळ्यांना समजावून सांगत : "एका माणसाला रोग का झाला ते डॉक्टर सांगतो. लाख माणसांत किती जणांना झाला आणि कशानं झाला, ते आमची सून मोजते!"

"मिठाची चाचणी आहे, बाबा," गौरी म्हणाली. "एक मीठ नेहमीचं, एक कमी सोडियमचं. दुसऱ्यानं लोकांचं बीपी उतरतं का ते बघायचं. निम्म्या घरांना निळ्या चिकटपट्टीचं पाकीट, निम्म्यांना पिवळ्या. कोणाला कोणतं ते संगणक चिठ्ठ्या टाकून ठरवणार. कोणत्या रंगात काय आहे, ते कोणालाच कळता कामा नये. मलासुद्धा नाही! चाचणी तीन वर्षांची. त्याच्या आधी पंधरा दिवस—"

"पंधरा दिवस काय, पंधरा वर्षं घे!" मुकुंदराव उठून उभेच राहिले. "आपली गल्ली घे. चाळीस घरं. या गल्लीत मी सांगितल्याशिवाय कुकरची शिट्टी होत नाही! एक पाकीट इकडचं तिकडं झालं, तर मुकुंद मास्तर नाव लावणार नाही!"

गौरीचं वाक्य अर्धंच राहिलं. ते लक्षात ठेवा.

रविवारी गच्चीवर सभा भरली. संमतीपत्रं चार पानांची होती, तेलुगूत आणि मराठीत. वाचून समजावण्याचं काम अर्थातच मास्तरांनी ओढून घेतलं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर चिठ्ठ्यांचा मामला आला आणि समोरच्या घरातले हणमंतराव आडवे आले. हणमंतराव रेल्वेतले निवृत्त गार्ड. आयुष्यभर हिरवं निशाण दाखवल्यामुळे त्यांना कुठलीच गोष्ट थांबलेली बघवत नसे.

"मास्तर, चिठ्ठ्या कायकू? ज्याचं बीपी जास्त त्याला चांगलं मीठ द्या, काम खतम!"

"हणमंतराव, पंचानं आपल्या भाच्याला आधी फलंदाजी दिली तर तुम्हाला चालेल का?"

"नक्को!"

"मग म्हणूनच नाणेफेक!"

एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले! त्यांनी स्टीलचा डबा मागवला, चाळीस चिठ्ठ्या केल्या, तीनदा काढून दाखवल्या. तिसऱ्यांदा चिठ्ठी निघाली आणि खालून मिरची भजी आली. भज्यांपुढे चौथ्या पानाचं काय चालणार! तेलकट बोटांनी चाळीस सह्या झाल्या, सभा संपली. ते चौथं पानही लक्षात ठेवा.

घरटी किलोचं एकेक पाकीट वाटलं आणि दोन दिवस सगळं घड्याळासारखं चाललं. मास्तरांचं घर निळं, हणमंतरावांचं पिवळं. तिसऱ्या दिवशी मात्र मास्तरांचे हात शिवशिवायला लागले. मे महिना, शाळांना सुटी, आणि व्हरांड्यात गल्लीतली आठ-दहा पोरं. त्यांच्यात त्यांची नात ईशा, वय नऊ, इंग्रजी शाळेत, मराठी वाचायला लागली की प्रत्येक काना-मात्रेला ठेच लागायची.

"मुलांनो, चाचणी म्हणजे काय ते आज करूनच बघू!" मास्तर म्हणाले. घरातून चिमूटभर निळं आलं, हणमंतरावांच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर पिवळं. दोन बशा मांडल्या. "जीभ लावा. काय फरक वाटतो?"

पोरांनी जिभा लावल्या, एकमेकांकडे पाहिलं.

"आजोबा, सेम टू सेम," ईशा म्हणाली.

"जीभ कच्ची आहे तुझी अजून!" मास्तरांनी डोळे मिटले, चाखलं, पाणी प्यायले, परत चाखलं. चेहरा असा केला की जणू गवयाला षड्ज सापडला. "निळं बघा कसं सौम्य आहे! आणि पिवळ्याला धार आहे, धार! म्हणजे निळं ते नवं मीठ. सिद्ध झालं!"

हे ऐकल्यावर पोरांनी पुन्हा जिभा लावल्या. आणि काय चमत्कार! आता सगळ्यांनाच धार लागायला लागली. एकटी ईशा "सेमच आहे" म्हणत राहिली, पण बहुमतापुढे तिचं कोण ऐकतो?

तेवढ्यात मास्तरांच्या लक्षात आलं की, जे कोणालाच कळता कामा नये ते त्यांनी दहा पोरांना शिकवलंय. "हे कोणाला सांगायचं नाही हं!" ते घाईघाईनं म्हणाले.

पोरांना गुपित सांगणं म्हणजे चाळणीत ताक ठेवणं. दुपारच्या चहाला गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हणमंतरावांचा निरोप झळकला : "पिवळेवालों के साथ नाइन्साफी!" आणि पाठोपाठ ते स्वतः.

"क्या मास्तर! इतक्या वर्षांचा शेजार, अन् मला बेकार मीठ?"

"बेकार कोण म्हणालं? नेहमीचंच आहे ते!"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे!"

मास्तरांनी जीभ चावली. पण एकदा चावलेली जीभ आणि एकदा सुटलेली गाडी, दोन्ही मागे घेता येत नाहीत, हे गार्डसाहेबांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी तिथल्या तिथे मास्तरांचं निळं पाकीट उचललं, बॅगेत घातलं आणि दुसऱ्या दिवशी पाचही माणसं घेऊन भाचीच्या लग्नाला नांदेडला रवाना झाले. घराला कुलूप. जाताना पिवळं पाकीट शेजारच्या अनसूयम्मांच्या दारात ठेवलं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका! पिवळ्यांना निळं हवं, निळे द्यायला तयार नाहीत. तयार झाले, तर आणखी अडचण. मीठ हातावर द्यायचं नाही, भांडण होतं! म्हणून पाकीट कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचं, चार पावलं मागे सरकायचं, मग दुसरीनं येऊन उचलायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गल्लीत सोन्याची तस्करी चालली आहे. एकेका निळ्या पाकिटात तीन-तीन घरं झाली. तरीही भांडणं झालीच!

कोपऱ्यावरच्या त्रिवेणीबाईंनी जाहीर केलं, "निळं मीठ लागू पडलं गं बाई! चार दिवसांत माझे गुडघे हलके झाले. जावयाला बढती मिळाली!" नांदेडहून हणमंतरावांचे रोज निरोप : "बीपी १५० होतं, १३० झालं. लग्नातल्या जेवणातसुद्धा माझंच मीठ वरून घेतलं!"

आणि पिवळं? ते अनसूयम्मांकडे जमा होत होतं. आंब्याचे दिवस, अनसूयम्मांचं आवकाय लोणचं घालायचं चाललेलं.

"मास्टरगारू, पिवळं उप्पू वाईट आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं. "लोणच्याला चालेल?"

"अहो, लोणचं खाणार कोण?"

"राजमंड्रीची माझी जाऊ."

"मग?"

"मग चालेल!" अनसूयम्मांनीच ठरवलं, आणि पिवळी नऊ पाकिटं चार बरण्यांत गेली.

बाराव्या दिवशी संध्याकाळी गौरी जेवताना म्हणाली, "शनिवारी आमच्या डॉक्टर सुलभा मॅडम येणार आहेत. दिल्लीहून चाचणीला मंजुरी देणारे दोन पाहुणेही. सगळ्या पाकिटांचं वजन करणार. दहातल्या नऊ घरांनी आपापलंच पाकीट वापरलं असेल, तर चाचणी हैदराबादला."

"आणि नसेल तर?" मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला.

"तर भुवनेश्वरला. मग मलाही तीन वर्षं तिकडे जावं लागेल. ईशाला घेऊन." ती हसली. "पण आपल्याला काय काळजी, बाबा? गल्ली तुमची आहे!"

ईशा शेजारी बसून कोशिंबिरीतले दाणे वेचून खात होती. मुलगा तर नोकरीनिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेरच असायचा. नात गेली की या घरात उरणार काय? दोन म्हातारे आणि एक फळा. मास्तरांनी तीनदा तोंड उघडलं. एकदा आमटी मागितली, एकदा ताक, एकदा नुसतंच मिटलं.

पद्मावतीबाई आतल्या खोलीत म्हणाल्या, "सांगून टाका."

"सांगतो. आधी निस्तरतो, मग सांगतो."

"निस्तरल्यावर सांगायचं कशाला असतं?"

शुक्रवारी गौरी कामावर गेली आणि मास्तर पिशवी घेऊन दारोदार फिरले. निळी, पिवळी, भरली, फाटकी, सगळी पाकिटं गोळा केली. अनसूयम्मांच्या कचऱ्यातून नऊ रिकामी उपसली. स्वतःचं नांदेडला गेलं होतं, त्याच्या जागी साध्या पिशवीला निळी पट्टी लावली. मग किराणावाल्याकडे.

"वीस किलो मीठ?" किराणावाला बघतच राहिला. "हॉटेल काढताय, मास्टरगारू?"

घरी येऊन त्यांनी गौरीचा केकसाठीचा डिजिटल काटा काढला आणि कागदावर आकडेमोड मांडली. केंद्राच्या भिंतीवर त्यांनी वाचलं होतं : माणशी रोज पाच ग्रॅम मीठ. चार माणसं, पंधरा दिवस, म्हणजे तीनशे ग्रॅम संपलं. किलोतून उरले सातशे. पाच माणसांचं घर : उरले सहाशे पंचवीस. तीन माणसांचं : सातशे पंचाहत्तर. प्रत्येक पाकिटात मीठ तोलून भरलं, ग्रॅमचाही फरक नाही! चाळिसावं पाकीट बंद करताना त्यांना इतकं समाधान वाटलं, की आपण गुन्हा करतोय हेच ते विसरले. बारा दिवसांत पहिल्यांदा ते खुर्चीत टेकून बसले.

ही चूक, बघा, गणिताचा मास्तरच करू शकतो. दुसरा कोणी असता तर त्यानं अंदाजे मूठ-मूठ भरलं असतं आणि सुटला असता!

शनिवारी सकाळी मास्तरांच्या अंगणात टेबल मांडलं. डॉक्टर सुलभा वयानं मास्तरांएवढ्याच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दिल्लीचे दोघे पाहुणे खुर्च्यांवर, आणि गल्ली भिंतीला टेकून. गौरी पाकीट काट्यावर ठेवून आकडा वाचत होती.

"पहिलं घर, चार माणसं : सातशे. दुसरं, चार माणसं : सातशे. तिसरं, पाच : सहाशे पंचवीस. चौथं, चार : सातशे..."

गौरीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. सातव्या पाकिटाला डॉक्टर सुलभांनी चष्मा वर सरकवला. बाराव्याला पेन खाली ठेवलं.

"गौरी, ही गल्ली आहे की पाढा?"

"मॅडम, माझ्या सासऱ्यांनी खूप शिस्तीनं—"

"शिस्तीनं? अगं, कुणाकडे पाहुणे येतात, कुणाचा उपास असतो, कुणाची आमटी खारट होते. खऱ्या माणसांचे आकडे वाकडेच असतात. हे पट्टीनं आखलेले आहेत! आणि माणशी पाच ग्रॅम? तेवढंच खावं म्हणून आपण भिंतीवर लिहितो, कारण लोक दुप्पट खातात. आवकाय खाणारी गल्ली पाच ग्रॅमवर राहिली, तर मी उद्या संन्यास घेईन!"

मास्तर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. तेवढ्यात गेटाशी रिक्षा थांबली आणि हणमंतराव सहकुटुंब उतरले. काखेत बॅग, हातात रिकामं निळं पाकीट, एखादं निशाण फडकवावं तसं.

"मास्तर! दहा दिवस नांदेडमध्ये हेच खाल्लं. खतम केलं! दुसरं निळं आहे का?"

गौरीनं टेबलावरचं पिवळं पाकीट उचललं. त्यावर लिहिलं होतं : हणमंतराव, पाच माणसं. आत मीठ सहाशे पंचवीस ग्रॅम.

"काका, तुम्ही दहा दिवस इथे नव्हता?"

"कुलूप होतं की घराला!"

अंगणात अशी शांतता पसरली की अनसूयम्मांच्या बरणीतलं लोणचं मुरताना ऐकू यावं. मास्तर पुढे आले. हात आपोआप मागे गेले, मान खाली. चौतीस वर्षं ज्या जागी पोरं उभी राहिली, तिथे आज ते स्वतः उभे होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "गौरीला यातलं काही ठाऊक नाही. मी मीठ चाखलं. निळं ते चांगलं, हे ओळखलं. पोरांना शिकवलं. मग गल्लीत अदलाबदल झाली. पिवळं लोणच्यात गेलं. काल मी सगळी पाकिटं परत भरली. शिक्षा मला करा, चाचणी नेऊ नका. माझी नात..."

गौरी त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे, गोंधळून. "बाबा, निळं चांगलं हे ओळखलंत? कसं?"

"जिभेनं! पिवळ्याला धार आहे."

"बाबा... तुम्ही चौथं पान वाचलं नाहीत?"

टेबलावरचं संमतीपत्र ईशानं उचललं, उलटून शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. एकेक अक्षर, ठेचकाळत.

"प-हि-ल्या... पं-ध-र... पंधर-व-ड्यात... फ-क्त... वा-ट-पा-ची..."

"वाटपाची काय?" त्रिवेणीबाई ओरडल्या.

"थांबा ना! ता-ली-म... हो-ईल. नि-ळ्या... व... पि-व-ळ्या... दो-न्ही... पा-कि-टां-त..."

"अगं, लवकर!" हणमंतराव घायकुतीला आले. आयुष्यात इतकी हळू गाडी त्यांनी पाहिली नव्हती.

"ते-च... ने-ह-मी-चे... मी-ठ... अ-से-ल." ईशानं मान वर केली. "मी म्हटलं होतं, आजोबा. सेम टू सेम!"

त्रिवेणीबाई मटकन भिंतीवर बसल्या. "अन् माझे गुडघे?" विचारता विचारता त्यांनी गुडघा धरला. कळ परत आली होती!

"अन् माझं बीपी?" हणमंतराव म्हणाले. "दीडशेचं एकशे तीस झालं ते?"

"दहा दिवस लग्नघरात खाऊन-पिऊन मजेत होता ना?" डॉक्टर सुलभा म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. दिल्लीचे पाहुणे तर केव्हाचे रुमालात तोंड लपवून बसले होते.

हिशेब साधा होता. चाळिसांतल्या फक्त दोन घरांनी आपापलं पाकीट पाळलं होतं. एका घराचं कोणाशीच बोलणं नव्हतं, आणि दुसऱ्या घरातल्या आजींना ऐकू येत नव्हतं.

"म्हणजे भुवनेश्वर," गौरी पुटपुटली.

"कशाला?" डॉक्टर सुलभा पाहुण्यांकडे वळल्या. "तालीम असते कशासाठी? चुका दिसाव्यात म्हणून. जे तीन वर्षांत बिघडलं असतं, ते या गृहस्थांनी पंधरा दिवसांत बिघडवून दाखवलं! रंग दिसले की लोक चव शोधणार. भिंत दिसली की पाकीट फिरणार. हे भुवनेश्वरलाही होईल, तिथेही मास्तर असतीलच. तेव्हा रंग बंद. आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत फरक नको, आख्ख्या गल्लीला एकच मीठ. मग करा काय अदलाबदल करायची ती! शेजारच्या बरकतपुऱ्यात आणखी एक तालीम घेऊन बघू."

पाहुण्यांनी मान हलवली. गौरी मात्र आठ दिवस मास्तरांशी फक्त आकड्यांत बोलत होती. "पोळ्या किती?" "दोन." बस्स. मास्तरही एका जागी गुमान बसून राहिले, तेव्हा पद्मावतीबाईंनाच काळजी वाटली.

बरकतपुऱ्याची तालीम सुरळीत पार पडली. जुलैत मंजुरीचं पत्र आलं : चाचणी हैदराबादलाच! त्या संध्याकाळी गौरीनं नवं माहितीपत्रक मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. "बाबा, छापायला जायच्या आधी एकदा नजर टाका."

मास्तरांना भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली. आता चूक नाही! ओळ न् ओळ, शब्द न् शब्द वाचत ते 'कोणती घरे घेऊ नयेत' या यादीपर्यंत आले. मूत्रपिंडाचा आजार असलेली घरं. वर्षातून सहा महिने बाहेरगावी राहणारी घरं. आणि पानाच्या तळाशी : 'निवृत्त शिक्षकाच्या हाकेच्या अंतरातील सर्व घरे.'

त्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग मुकाट्यानं लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं : "हाकेचे अंतर म्हणजे किती? व्याख्या नाही. उत्तर अपूर्ण. गुण अर्धा."

ईशा खांद्यावरून डोकावत होती. तिनं ओठ हलवत लाल अक्षरं वाचली, मग तळाची ओळ वाचली, आणि म्हणाली, "आजोबा, पान उलटा."

मास्तरांनी पान उलटलं.

'हाकेचे अंतर : संपूर्ण नल्लकुंटा.'

त्यांनी पेनाला टोपण लावलं.